निळ्या भिंती: राखेच्या ठोकळ्याचा उबदार आणि अस्वस्थ इतिहास

१/ पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या बांधकामाच्या जागी थोडा वेळ उभे राहिले तर एक शब्द हमखास कानी पडतो: 'सिपोरेक्स'. राखाडी-पांढुरके, उचलताच अपेक्षेपेक्षा हलके लागणारे आणि लाकडासारखे करवतीने कापता येणारे हे ठोकळे आता लाल विटेच्या जागी सर्रास दिसतात. ते कोणत्याही कारखान्यातले असोत, गवंडी त्यांना याच नावाने ओळखतो. हे नाव मूळचे स्वीडनमधले आहे. #थ्रेड

२/ त्या नावामागे एक मोठी हकिकत आहे. तिच्यात पहिल्या महायुद्धानंतरची इंधनटंचाई आहे, तुरटीचा काळा खडक आहे, कारखान्यांबाहेर साचलेली लाल राख आहे. टाकाऊ राखेपासून उष्णता अडवणारी भिंत कशी घडली, आणि त्या भिंतीला विचारायचा राहून गेलेला एक प्रश्न पुढे लाखो घरांपर्यंत कसा पोहोचला, त्याचा हा इतिहास.

३/ स्वीडनमधले परंपरागत घर लाकडी. जंगले अफाट, हिवाळा दीर्घ, आणि लाकूड थंडीला चांगले अडवते. पण लाकूड पेटते. २५ जून १८८८ या एकाच दिवशी सुंद्सवाल आणि उमेओ ही दोन स्वीडिश शहरे आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. लाकडी वस्त्यांचे भय त्या समाजाच्या स्मरणात खोलवर बसले. दगड-विटांचे घर आगीपासून सुरक्षित होते, पण ते उबदार ठेवायचे तर चुलीत आणि शेगडीत सतत इंधन ओतावे लागे.

४/ मग पहिले महायुद्ध आले. स्वीडन तटस्थ राहिला, पण कोळसा बाहेरून येत होता आणि युद्धाने तो महाग व दुर्मीळ केला. घरातली ऊब ही आता राष्ट्रीय काटकसरीची बाब झाली. युद्धानंतर शासनाने इमारतींच्या उष्णतारोधनाविषयीच्या अपेक्षा वाढवल्या. लाकडासारखे उबदार, हलके आणि कापायला सोपे, पण न जळणारे व न कुजणारे असे काही बनवता येईल का, हा प्रश्न स्थापत्यशास्त्रज्ञांपुढे उभा राहिला.

५/ स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्राध्यापक हेन्रिक क्र्युगर यांच्या विभागात या प्रश्नावर काम चालू होते. तेथील वास्तुविशारद योहान आक्सेल एरिकसन यांनी तो आपला विषय केला. उत्तराची दिशा निसर्गाने आधीच दाखवली होती. लाकूड उबदार असते ते त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेल्या हवेमुळे. तेव्हा दगडातही हवा अडकवता आली पाहिजे.

६/ यामागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. १ मीटर जाडीच्या पदार्थाच्या दोन बाजूंत १ अंशाचा फरक असताना त्याच्या १ चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, ही त्याची उष्णतावाहकता. साध्या काँक्रिटसाठी हा आकडा १.५ हून अधिक, लाल विटेसाठी साधारण ०.६ ते ०.८, लाकडासाठी ०.१३ च्या आसपास. स्थिर हवेसाठी तो अवघा ०.०२५. यातला 'स्थिर' हा शब्द महत्त्वाचा. मोठ्या पोकळीत हवा फिरते आणि उष्णता वाहून नेते. मिलिमीटरभराच्या कप्प्यात ती जागच्या जागी कोंडली जाते.

७/ दगडी लगद्यात बुडबुडे आणण्याची कल्पना एरिकसन यांच्या आधीची. १९१४ मध्ये एल्सवर्थ आणि डायर या अमेरिकी संशोधकांनी ॲल्युमिनियमची पूड वापरून लगदा फुगवण्याचे पेटंट घेतले होते. चुना आणि वाळूच्या विटा दाबाखालच्या वाफेत कडक करण्याची विद्या तर त्याहून जुनी. जर्मनीत विल्हेल्म मिशेलिस यांनी तिचे पेटंट १८८० मध्येच घेतले होते. या दोन्ही वाटा अजून एकत्र आल्या नव्हत्या.

८/ बुडबुड्यांची क्रिया समजायला इडलीचे पीठ आठवावे. चुना, सिलिकायुक्त बारीक भुकटी आणि पाणी यांच्या लगद्यात चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड मिसळली की चुन्याच्या क्षाराशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. साच्यातला लगदा आंबलेल्या पिठासारखा वर चढतो. थोडा आळला की तारेने वड्या पाडाव्यात तसे त्याचे ठोकळे कापतात. हायड्रोजन यथावकाश निघून जातो आणि त्याच्या जागी हवा येते.

९/ अडचण पुढे होती. असा ठोकळा नुसता वाळू दिला तर तो कडक व्हायला फार वेळ घेई आणि आकसून तडकत असे. १९२३ मध्ये एरिकसन यांना असे आढळले की फुगलेला ओला लगदा दाबाखालची वाफ सहन करतो. इडलीचीच उपमा चालवायची तर पीठ फुगल्यावर त्यांनी ते मोठ्या प्रेशर कुकरमध्ये ठेवले. १८० अंशांच्या पुढच्या वाफेत चुना व सिलिका यांपासून एक नवे स्थिर खनिज तयार होते आणि ठोकळा काही तासांत पक्का होतो. १९२४ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले.

१०/ आता कच्चा माल. एरिकसन यांच्या पाककृतीला सिलिकायुक्त बारीक भुकटी हवी होती, आणि ती स्वीडनमध्ये ढिगांनी पडून होती. तिचे मूळ तुरटीचा शेल नावाच्या काळ्या खडकात होते. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी उथळ, प्राणवायूहीन समुद्राच्या तळाशी साचलेला हा चिखल. नेर्के, वेस्टरयेटलांड, एलांड अशा अनेक भागांत तो जमिनीलगत सापडतो.

११/ सतराव्या शतकापासून हा खडक भाजून व पाण्यात निथळून त्यातून तुरटी काढली जाई. कापड रंगवायला आणि कातडी कमवायला तुरटी लागे. दक्षिणेकडील आंद्रारुम येथील कारखाना १६३७ मध्ये सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला. या शेलमध्ये सेंद्रिय द्रव्य इतके असते की तो स्वतःच जळतो. म्हणून पुढे चुनखडी भाजण्याच्या भट्ट्यांत त्याचा इंधन म्हणून वापर होऊ लागला. जळून उरे ती लाल राख. भट्टीशेजारी तिचे ढीग वाढत गेले.

१२/ नेर्के प्रांतात हेलाब्रॉटेट या गावी युक्सहुल्ट नावाची दगडखाण कंपनी होती. तिचे चालक कार्ल आउगुस्ट कार्लेन यांनी एरिकसन यांच्या पद्धतीतली संधी ओळखली. चुनखडी त्यांच्या खाणीत होती, ती भाजायचे इंधन शेलमध्ये होते, आणि भाजून उरलेली राख हाच ठोकळ्याचा दुसरा घटक. एकाच भट्टीतून चुनाही मिळे आणि राखही. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. 'युक्सहुल्टचे वाफेत कडक केलेले वायुकाँक्रिट' या लांबलचक स्वीडिश नावातील पहिले व शेवटचे तुकडे जुळवून पुढे 'इटाँग' हे नाव घडले.

१३/ शेलच्या राखेमुळे या ठोकळ्याला निळसर-राखाडी छटा येई. लोक त्याला 'ब्लोबेटाँग', म्हणजे निळे काँक्रिट म्हणू लागले. गवंड्याला तो आवडला, कारण एका विटेच्या वजनात त्याहून कितीतरी मोठा ठोकळा हातात येई. सुताराच्या करवतीने तो कापता येई, त्यात खिळा ठोकता येई. घरमालकाला तो आवडला, कारण घर उबदार राही. आणि कारखानदाराला फेकून द्यायची राख विकता आली.

१४/ हा ठोकळा अधिक उष्णतारोधक करण्याचे प्रयत्न तेव्हापासून आजवर तीन दिशांनी झाले. पहिली दिशा घनतेची. साध्या काँक्रिटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो असते, वायुकाँक्रिटचे ४०० ते ७००. ५०० किलोच्या ठोकळ्यात जवळपास ८० टक्के जागा पोकळ असते आणि त्याची उष्णतावाहकता ०.१२ च्या आसपास, म्हणजे लाकडाच्या पंक्तीत जाते. लाल विटेच्या तुलनेत हे सुमारे पाचपट चांगले. मात्र पोकळ्या वाढवल्या की ताकद घटते. त्यामुळे प्रत्येक ठोकळा ही ऊब आणि बळ यांच्यातली तडजोड असते.

१५/ दुसरी दिशा पाण्याची. पाण्याची उष्णतावाहकता ०.६, स्थिर हवेच्या चोवीसपट. पोकळ्यांत ओल शिरली की उबदार भिंत गारठते. म्हणून कारखान्यातून आलेला ठोकळा वाळू देणे आणि बाहेरचा गिलावा पाणी अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा ठेवणे, हे कसब महत्त्वाचे ठरले. तिसरी दिशा सांध्यांची. उत्तम ठोकळ्यांच्या मध्ये जाड सिमेंटचा थर घातला तर उष्णता त्या थरातूनच पळते. ठोकळे अचूक मापाचे झाले तसे सांधे पातळ करता आले.

१६/ १९३० च्या दशकात स्वीडनमध्येच या ठोकळ्याची दुसरी शाखा फुटली. तिने शेलच्या राखेऐवजी मुख्यतः सिमेंट आणि वाळू वापरली आणि काँक्रिटच्या आत लोखंडी सळया घालून छताच्या व भिंतीच्या मोठ्या पट्ट्या बनवल्या. ही शाखा म्हणजे सिपोरेक्स. हलक्या काँक्रिटची अशी दोन कुळे झाली: एक राखेचे, एक वाळूचे. दोन्ही उबदार आणि दोन्ही हलकी. त्यांच्यातला खरा फरक त्या वेळी कोणाच्याही मोजपट्टीवर उमटत नव्हता.

१७/ दुसऱ्या महायुद्धात पुन्हा आयात तुटली आणि तुरटीच्या शेलला नवे महत्त्व आले. हेलाब्रॉटेटपासून जवळच क्वार्नटॉर्प येथे १९४२ ते १९६६ या काळात शेलमधून खनिज तेल काढले गेले. त्यातून उरलेल्या शेलचा व राखेचा सुमारे १०० मीटर उंचीचा डोंगर आजही तेथे उभा आहे. त्याच्या पोटातली धग दशके उलटली तरी विझलेली नाही. एका देशाच्या इंधनटंचाईचे हे स्मारकच म्हणावे लागेल.

१८/ युद्धानंतर स्वीडनमध्ये घरबांधणीची लाट आली. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत तर दहा लाख घरे बांधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला गेला. हलका, स्वस्त, झटपट रचता येणारा आणि उबदार ठोकळा या काळाला साजेसाच होता. पुढे मोजदाद झाली तेव्हा देशातील सुमारे ३ लाख घरांत निळे काँक्रिट असल्याचा अंदाज निघाला. जवळपास दर दहा घरांतले एक.

१९/ येथे त्या काळ्या खडकाकडे परत जावे लागते. प्राणवायूहीन समुद्रतळाच्या चिखलाने सेंद्रिय द्रव्याबरोबर पाण्यात विरघळलेले युरेनियमही धरून ठेवले होते. भट्टीत शेल जळला की कार्बन धूर होऊन उडून जातो. युरेनियम आणि त्याच्यापासून निपजणारे रेडियम राखेत मागे राहतात. ज्या राखेने ठोकळ्याला ऊब दिली, त्याच राखेतून हे द्रव्यही भिंतीत आले.

२०/ रेडियम क्षय पावते तेव्हा रेडॉन हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षे, रेडॉनचे अवघे ३.८ दिवस. तेवढ्या अवधीत तो सच्छिद्र ठोकळ्याच्या पोकळ्यांतून वाट काढत खोलीत येतो. श्वासाबरोबर आत गेलेल्या रेडॉनपेक्षाही त्याच्या क्षयातून जन्मणारे पोलोनियमचे कण अधिक घातक. ते फुप्फुसाच्या अस्तराला चिकटतात आणि तेथेच अल्फा किरण सोडतात.

२१/ रेडॉनच्या घातकतेची चाहूल वैद्यकाला नवी नव्हती. मध्य युरोपातील श्नीबर्गच्या खाणकामगारांना जडणाऱ्या छातीच्या जीवघेण्या विकाराची नोंद शतकांपूर्वीपासून होती. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी तो फुप्फुसांचा कर्करोग असल्याचे दाखवले. एरिकसन स्टॉकहोममध्ये ठोकळे वाफवत होते, त्याच १९२० च्या दशकात खाणीतील हवेतल्या रेडॉनवर संशय घेतला जाऊ लागला होता. परंतु खाणकामगाराचा आजार हा एक विषय होता आणि घराची भिंत हा दुसरा. या दोन ज्ञानशाखांची गाठ पडायला कारणच नव्हते.

२२/ ती गाठ घातली गेली तीही स्वीडनमध्येच. किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या शास्त्राचे एक प्रवर्तक रोल्फ सीव्हर्ट हे स्टॉकहोमचे. त्यांच्या संस्थेत बेंग्ट हुल्टक्विस्ट या तरुण संशोधकाने स्वीडिश घरांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाचा अभ्यास हाती घेतला. १९५६ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. २२५ घरांतील रेडॉनच्या मोजमापांचा त्यात समावेश होता. घराच्या हवेतील रेडॉनकडे इतक्या पद्धतशीरपणे पाहणाऱ्या जगातील पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. तुरटी-शेलच्या काँक्रिटची घरे त्यात वेगळी उठून दिसली.

२३/ मग तेव्हाच उत्पादन का थांबले नाही? आज मागे वळून दोष देणे सोपे आहे. त्या काळच्या घरांत हवा बऱ्यापैकी खेळती होती, त्यामुळे मोजलेली पातळी बहुतेक ठिकाणी भयंकर वाटली नाही. धोक्याचा पुरावा खाणींतला होता, तोही कितीतरी मोठ्या मात्रेचा. जगाचे लक्ष तेव्हा अणुचाचण्यांच्या धुळीकडे होते. शिवाय ठोकळ्याचा दर्जा ठरवणाऱ्या निकषांत वजन, ताकद आणि उष्णतारोधन एवढेच होते. प्रबंध ग्रंथालयात राहिला आणि ठोकळे बांधकामावर जात राहिले.

२४/ १९७३ मध्ये तेलाचे जागतिक संकट उभे राहिले. बहुतांश आयात केलेल्या तेलावर घरे तापवणाऱ्या स्वीडनला ते विशेष झोंबले. उष्णतेची गळती थांबवणे हे पुन्हा राष्ट्रीय कर्तव्य झाले. इमारतींचे नियम कडक झाले. खिडक्यांच्या फटी बुजवल्या गेल्या, दारांना पट्ट्या लागल्या. अनेक घरांतून तेलाच्या बॉयलरऐवजी विजेची उष्णता आली. त्याबरोबर धुराड्यातून नकळत होणारा हवेचा उपसाही थांबला.

२५/ आता साधे गणित पाहावे. भिंतीतून येणारा रेडॉन रोज तेवढाच. तो बाहेर जातो तो बदलत्या हवेबरोबर. हवा बदलण्याचा वेग निम्मा केला की खोलीतली रेडॉनची पातळी जवळपास दुप्पट होते. १९५० च्या दशकात सुसह्य वाटलेली घरे फटी बुजवल्यावर तशी राहिली नाहीत. निळा ठोकळा जन्माला आला होता इंधन वाचवण्यासाठी, आणि पन्नास वर्षांनी इंधन वाचवण्याच्या दुसऱ्या लाटेनेच त्याचे दडलेले वैगुण्य उघडे पाडले.

२६/ १९७५ मध्ये निळ्या काँक्रिटचे उत्पादन बंद झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या नव्या मोजमापांनी प्रश्न किती व्यापक आहे ते दाखवले. १९७९ मध्ये शासनाने रेडॉनसाठी खास आयोग नेमला आणि लवकरच घरांसाठी मर्यादा आल्या. योगायोग असा की, त्याच १९७९ मध्ये किरणांच्या जैविक परिणामाच्या आंतरराष्ट्रीय एककाला रोल्फ सीव्हर्ट यांचे नाव देण्यात आले. आज स्वीडनमध्ये घरातील हवेसाठी संदर्भपातळी घनमीटरला २०० बेकरेल आहे, म्हणजे तेवढ्या हवेत सेकंदाला २०० अणूंचा क्षय.

२७/ शोध पुढे गेला तसे चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. सर्वाधिक रेडॉनच्या अनेक घरांत दोषी भिंत नव्हतीच. युरेनियमयुक्त जमिनीतून पायाच्या फटींवाटे वायू वर येत होता. आज स्वीडिश तज्ज्ञांचा एक ढोबळ आडाखा असा: निळ्या काँक्रिटच्या घरात पातळी १००० बेकरेलच्या वर गेली तर जमिनीकडेही बोट दाखवावे. भिंतीवरच्या संशयाने सुरू झालेल्या मोजणीमुळे जमिनीतला मोठा चोर सापडला.

२८/ किंमत किती? सर्व स्रोतांतील रेडॉन मिळून स्वीडनमध्ये वर्षाला सुमारे ५०० जणांना फुप्फुसांचा कर्करोग होतो, असा तेथील अधिकृत अंदाज आहे. यातील बहुसंख्य धूम्रपान करणारे असतात, कारण तंबाखू आणि रेडॉन एकमेकांचा घात वाढवतात. यातील निळ्या भिंतींचा वाटा केवळ एक भाग आहे. पण हा भाग माणसांनी स्वतः रचलेला होता, म्हणून तो टाळताही आला असता.

२९/ ३ लाख घरे पाडणे शक्य नव्हते आणि त्याची गरजही पडली नाही. उपाय पंख्याचा निघाला. घरातली वापरलेली हवा यंत्राने बाहेर काढायची, बाहेरची ताजी हवा आत घ्यायची आणि जाता जाता जुन्या हवेतली ऊब नव्या हवेला द्यायची. ऊब की ताजी हवा, हा अर्धशतकाचा पेच या उष्णताविनिमयाने बराचसा सोडवला. उष्णतारोधन आणि वायुवीजन यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे स्थापत्यशास्त्राला या प्रकरणाने शिकवले.

३०/ दुसरा धडा कायद्यात उतरला. २०१३ च्या युरोपीय निर्देशात बांधकाम साहित्यासाठी एक निर्देशांक आहे. एका किलोतील रेडियमचे बेकरेल भागिले ३००, थोरियमचे भागिले २००, पोटॅशियमचे भागिले ३०००; या तिघांची बेरीज १ च्या वर गेली तर साहित्याची अधिक चौकशी करावी. साध्या काँक्रिटमध्ये रेडियम किलोला ४० बेकरेलच्या आसपास असते. युरोपीय नोंदींत हलक्या काँक्रिटचा कमाल आकडा २६०० आहे. एकट्या रेडियमनेच त्याचा निर्देशांक साडेआठच्या वर जातो. १९२९ मध्ये हा एक भागाकार कोणाच्या वहीत नव्हता.

३१/ आता पुन्हा पुण्याकडे. १९७० च्या दशकात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने स्वीडिश तंत्रज्ञानाच्या आधारे पुण्यात सिपोरेक्सचे उत्पादन सुरू केले आणि ते नाव महाराष्ट्राच्या बांधकामात रुळले. पुढे औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचा प्रश्न तीव्र झाला. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या घरात. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांना किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. राखेला पुन्हा भिंतीत जागा मिळाली.

३२/ त्यामुळे आजच्या हलक्या ठोकळ्यात एक गंमतशीर वंशावळ आढळते. लोकांच्या तोंडी त्याचे नाव वाळूच्या कुळातले, सिपोरेक्सचे. पण कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ यांसारख्या वीजकेंद्रांमुळे राख मुबलक असलेल्या या प्रदेशात त्याच्या मिश्रणाचा मोठा भाग अनेकदा फ्लाय ॲशचा असतो. म्हणजे रीत राखेच्या कुळातली, हेलाब्रॉटेटच्या भट्टीची. स्वीडनला थंडी बाहेर ठेवायची होती, विदर्भ-मराठवाड्याला ऊन बाहेर ठेवायचे आहे. हवेचे कप्पे दोन्ही कामे सारख्याच इमानाने करतात.

३३/ मग ही राखही तशीच का? दोन्ही राखांत मोठे अंतर आहे. युरोपीय संकलनात कोळशाच्या राखेतील रेडियमचा नेहमीचा आकडा किलोला १८० बेकरेल दिला आहे. निळ्या काँक्रिटच्या टोकाच्या आकड्याच्या तो चौदाव्या हिश्श्याएवढा. शिवाय फ्लाय ॲशचे कण काचेसारखे असल्याने रेडॉन त्यातून सहज सुटत नाही. पण त्याच संकलनात राखेचा कमाल आकडा ११०० आहे. कोळसा ज्या खाणीचा, तशी राख. म्हणून 'राख सुरक्षित' किंवा 'राख घातक' असे सरसकट विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. टिकतो तो मोजलेला नमुना.

३४/ आणि मोजतानाही घर कसे वापरले जाते ते पाहावे लागते. खिडक्या उघड्या असलेल्या कोकणातल्या घराची हवा आणि दिवसरात्र बंद ठेवलेल्या वातानुकूलित खोलीची हवा यांत फरक आहे. वीज वाचवण्यासाठी फटी बुजवणे हा आजही उत्तम सल्ला आहे. १९७३ नंतरच्या स्वीडनमध्येही तो उत्तमच होता. फक्त त्यासोबत ताज्या हवेची सोय आखायची राहून गेली होती.

३५/ एरिकसन यांनी चूक केली असे म्हणता येणार नाही. त्यांना विचारलेला प्रश्न उष्णतेचा होता आणि त्याचे त्यांनी दिलेले उत्तर शंभर वर्षांनीही खरे आहे. हुल्टक्विस्ट यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि त्याचेही खरे उत्तर मिळवले. या दोन उत्तरांना एकमेकांपर्यंत पोहोचायला वीसहून अधिक वर्षे लागली. तेवढ्या काळात आणखी कितीतरी भिंती उभ्या राहिल्या.

३६/ त्या भिंती आजही आहेत. स्वीडनमध्ये जुने घर विकत घेताना 'निळे काँक्रिट आहे का?' ही चौकशी होते, आणि गॅमा किरण मोजणारे यंत्र भिंतीला लावून तिची खात्री करता येते. रंग, गिलावा, कागद यांखाली ठोकळा दिसत नाही, पण यंत्राचा काटा हलतो. भिंतीतले रेडियम निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतील. घर तोवर टिकणार नाही. पंखा मात्र आज रात्रीही चालू ठेवावा लागतो.

(थ्रेड समाप्त)